लाल टेपची बाटली

"तू बाहेर बस," सर म्हणाले.

मी नुकताच डबा उघडला होता. दोन भाकऱ्या, मेथीची भाजी, लसणाची चटणी. रबाळ्याच्या कारखान्यांच्या पट्ट्यात आमची लॅब होती. छोटीशीच. जेवायला एक टेबल, टेबलाला सहा खुर्च्या. पाच भरल्या होत्या, सहावी ओढून मी बसले होते. कामावर लागून मला आठवडा झाला होता.

मला वाटलं, जागा कुणासाठी तरी राखून ठेवली असेल. म्हटलं, "कुणी यायचंय का, सर?"

"यायचं कुणी नाही. तुझ्या अंगाला त्या थायो अ‍ॅसिडचा वास येतोय. आम्हाला घास उतरत नाही." मग ते हसले. छद्मी वगैरे नाही. सहज, घरातल्यासारखं हसले. "तुला काय, सवय असेल वासाची. घरापासूनच."

घरापासूनच.

माझा शाळा सोडल्याचा दाखला त्यांच्या फायलीत होता. त्यावर जात होती, गाव होतं. त्याच फायलीत माझं एम.एस्सी.चं गुणपत्रकही होतं, पहिल्या वर्गाचं. सरांच्या लक्षात राहिला तो दाखला.

दोघंजण हसले. मधुरा हसली नाही. ती माझ्या शेजारीच होती. तिनं मान खाली घातली आणि आपल्या वरणभातावर हळूच झाकण ठेवलं. हसणाऱ्यांना मी विसरले, ते झाकण मात्र विसरले नाही.

मी डबा उचलून मागच्या पायरीवर गेले. तिथं अ‍ॅसिडचे निळे ड्रम रचलेले असत. ड्रमांच्या सावलीत बसून जेवले. सगळं जेवले. उपाशी राहिले असते तर त्यांचं काय बिघडणार होतं? त्या दिवसापासून ती पायरी माझी झाली.

शहाण्णव साल होतं. काम मात्र जगात नवीन होतं. आपल्या पेशीत रोगाचं प्रोटीन बनवायचा निरोप फिरत असतो. त्या निरोपाला नेमका उलटा जुळणारा एक तुकडा बनवायचा, तो त्याला जाऊन चिकटला की निरोप तिथंच थांबतो. औषध म्हणजे तो तुकडा. वीस मण्यांची माळ समजा. पण आपलं शरीर अशी उघडी माळ टिकू देत नाही. बघता बघता कुरतडून टाकतं. म्हणून मण्यांच्या मधल्या प्रत्येक जोडावर, जिथं ऑक्सिजन बसायचा तिथं गंधक बसवायचं. गंधक बसलं की कुरतडणाऱ्याचे दात चालत नाहीत. परदेशातली एक कंपनी असल्या माळांचे नमुने आमच्याकडून करून घेत होती.

हे गंधक बसवणारं जे रसायन, म्हणजे रिएजंट, लागतं ते बाहेरून मागवायला परवडत नव्हतं. ते घरीच बनवायचं ठरलं. घरी म्हणजे लॅबच्या मागे पत्र्याच्या शेडमध्ये. आणि शेडमध्ये म्हणजे मी. त्याची सुरुवात थायोअ‍ॅसिटिक अ‍ॅसिडनं होते. सडक्या अंड्यात कुणी खवट तूप कालवलं तर जसं होईल, तसा त्याचा वास. तो केसात बसतो, नखात बसतो, ब्लाउजच्या शिवणीत बसतो. बसमध्ये माझ्या शेजारची बाई उठून पुढं जाऊन उभी राहायची. मी खिडकीबाहेर ठाणे-बेलापूर रस्ता बघत बसायची, जसं काही मला माहीतच नाही.

आणि मधुराला मोगऱ्याचा वास यायचा.

हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं समजेल. मी तिच्यावर जळत होते. आमचं वय एक, पदवी एक, पगाराचा कागदही जवळजवळ एक. पण ती एसीच्या खोलीत बसायची. माळ ओवणारं यंत्र तिच्याकडे, माळ शुद्ध आहे का हे बघणारं यंत्र तिच्याकडे. मी शेडमधून रिएजंट करून द्यायची, ती ते नळीला लावून बटण दाबायची. आलेख तिच्या यंत्रातून निघायचा, म्हणून आलेखावर तिचं नाव. माझ्या बाटलीच्या चिठ्ठीवर नाव नसायचं. तिथं लिहिलेलं असायचं, 'शेड'. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात, पण ही नागीण इतकी गोड बोलायची की फणा कधी दिसलाच नाही.

"टेन्शन नको घेऊ गं," ती मला म्हणायची. "सर मनानं चांगले आहेत."

तिचा कोट पांढरा. माझा पिवळा पडलेला. तिचे हात बघितले की माझ्या पोटात दुखायचं. खरंच दुखायचं. रात्री स्वप्नात मी तिच्या खुर्चीत बसलेली असायची आणि ती शेडच्या दारात नाक दाबून उभी असायची. सकाळी उठले की मला लाज वाटायची, आणि ते स्वप्न पुन्हा पडावं असंही वाटायचं.

आम्ही शिरवण्याला राहायचो, गावातल्या एका खोलीत. आई-बाप परभणीकडचे, मोठ्या दुष्काळात इकडं आलेले. मी रोज घरी आले की शिकेकाईनं केस धुवायची. लिंबू लावायची. आई एक दिवस बघत राहिली आणि म्हणाली, "तुझ्या आज्यानं मेलेली ढोरं वढली. त्येच्या अंगाचा वास मला अजून ध्यानात हाय. तुझ्या बापानं ते काम सोडलं तर गावानं आमचं पानी तोडलं. आन् तू एवढी शिकून कसला वास घिऊन येतीस गं, बाई?"

"औषधाचा वास आहे, आई."

"मंग त्यांच्या पोरीबी लावून घेत असतील की."

मी तांब्या डोक्यावर ओतला.

दुसऱ्या महिन्यात सरांनी माझ्या सगळ्या काचसामानाला लाल टेप लावायला सांगितली. बाटल्या, फनेल, मोजपात्रं. त्यांचं फडताळही वेगळं केलं, सिंकच्या खाली. "म्हणजे चुकून आमच्यात मिसळायला नको," ते म्हणाले. त्याला स्वच्छतेचा नियम असं नाव होतं. भिंतीवर टाइप करून लावला होता.

पण त्या लाल टेपच्या बाटल्यांमध्ये एक गोष्ट होती, जी एसीच्या खोलीत कुणाला माहीत नव्हती. आमचं रिएजंट पावडर असेपर्यंत शहाण्यासारखं राहतं. एकदा द्रावण केलं आणि साध्या काचेच्या बाटलीत ठेवलं की एक-दोन दिवसांत बिघडतं. काचेचा पृष्ठभागच त्याला सोसत नाही. मला कुणी शिकवलं नव्हतं. एका परदेशी लेखाची झेरॉक्स मिळाली होती, पुसट, कडा कापलेली. सगळे निष्कर्ष वाचतात, मी तळटीपा वाचते. तिथं एक ओळ होती. ती धरून मी तीन आठवडे खटपट केली. बाटलीला आतून सिलेनचा, म्हणजे काच झाकणाऱ्या एका रसायनाचा, हात द्यायचा, धुवायची, भट्टीत वाळवायची, मग द्रावण भरायचं. दहा-दहा दिवस टिकायचं. सरांना मी सांगायला गेले होते. ते म्हणाले, "बाटल्या तुझ्या, तू बघ."

मला वर्ष होत आलं तेव्हा बातमी आली की त्या परदेशी कंपनीचा शास्त्रज्ञ येतोय. सोमवारी येणार, बुधवारी जाणार. त्याच्यासमोर एक पूर्ण माळ करून दाखवायची. पद्धत पसंत पडली तर तिचा अहवाल तो घेऊन जाणार, आणि ज्याच्या नावावर अहवाल त्याला सहा महिने तिकडच्या प्रयोगशाळेत बोलावणार.

मला ते हवं होतं. इतकं हवं होतं की बोलता यायचं नाही. मला विमान, बर्फ काही नको होतं. मला एक कागद हवा होता ज्यावर माझं नाव असेल आणि खाली मी केलेलं काम असेल. मी सरांना विचारलं. ते म्हणाले, "पाहुण्यांसमोर मधुरा करेल. तू रिएजंट दे. आणि त्या दिवशी आत येऊ नकोस, प्लीज."

प्लीज म्हणाले. सभ्य माणूस.

शुक्रवारी दुपारी मी द्रावण केलं. माझ्या बाटलीत भरलं, आतल्या खोलीच्या दाराशी ठेवलं, घरी गेले.

सोमवारी सकाळी शेडमध्ये आले तर माझी बाटली सिंकच्या खाली उपडी घातलेली. रिकामी. धुतलेली.

मी धावतच पुढं गेले. काचेच्या दारातून आत दिसत होतं. सर, गोरा पाहुणा, मधुरा. तिच्या केसात गजरा. यंत्राला एक नवी कोरी बाटली लावलेली, त्यावर कॉम्प्युटरवर छापलेली चिठ्ठी. शुक्रवारी संध्याकाळीच तिनं द्रावण ओतून घेतलं असणार. साध्या काचेत. म्हणजे दोन दिवस उलटून गेले होते. ते रिएजंट आता गंधक देणार नव्हतं, उलट ऑक्सिजनच बसवत सुटणार होतं.

यंत्र अजून सुरू झालं नव्हतं. फ्रीजमध्ये पावडर होती, शेडमध्ये सिलेन दिलेली दुसरी रिकामी बाटली होती. नवं द्रावण करायला दहा मिनिटं पुरली असती. मी दाराच्या मुठीवर हात ठेवला. सरांनी मला बघितलं आणि दोन बोटं हलवली. मागे जा.

मी मागे गेले.

सरांनी घालवलं म्हणून गेले असं मी सांगू शकते. कुणीही मानेल. पण खरं तसं नाही. मी दार ढकलून बोलू शकत होते. मी बोलले नाही, कारण मला आतून गार वाटलं. होऊ दे हिची फजिती, असं वाटलं. तो मोगरा, तो कोट, ती चिठ्ठी, सगळ्या गावासमोर आपटू दे. दिवसभर मी शेडमध्ये बसून आतल्या टाळ्या ऐकल्या. प्रत्येक मणी जोडला गेला की यंत्रातून नारिंगी रंग उतरतो, तो बघून ते टाळ्या वाजवत होते. नारिंगी रंग एवढंच सांगतो की माळ वाढली. जोडावर गंधक बसलं की नाही, हे तो सांगत नाही. मला हसू येत होतं. इतकी खूश मी त्या लॅबमध्ये कधी झाले नव्हते.

मंगळवारी दुपारी आलेख आला. एक सरळ सुळका यायला हवा होता. सुळक्याच्या पोटाला भलामोठा उंचवटा आला होता. अर्धी माळ गंधकावाचून.

मला बोलावणं आलं. पहिल्यांदाच एसीच्या खोलीत. पाहुणा खुर्चीत बसून आलेख बघत होता. मधुरा रडवेली झाली होती. सरांनी विचारलं, "रिएजंट कुणाचं?"

"शेडचं," मधुरा म्हणाली.

मी समोर उभी. माझं नाव तिला येत होतं.

सरांनी कागद पुढं केला. मजकूर लिहून तयार होता. मी बनवलेलं रिएजंट अशुद्ध होतं, त्याची संपूर्ण जबाबदारी माझी, खाली सही. सर हळू आवाजात म्हणाले, "सही कर, विषय मिटव. तुझ्या नोकरीला धक्का लागणार नाही, मी बघतो."

पेन हातात घेतलं. खरं सांगते, सही करणार होते. मला वाटलं, गप्प बसण्याची ही शिक्षा आहे, घ्यावी. मग मी मधुराला विचारलं, "बाटली का बदललीस?"

तिला प्रश्नच कळला नाही. "अगं, ती लाल टेपवाली पाहुण्यांसमोर कशी ठेवणार? बरं दिसतं का ते?"

बरं दिसतं का.

मी पेन ठेवलं. ज्या टेपनं त्यांनी मला बाजूला काढलं होतं, तीच टेप बघून तिनं चांगली बाटली टाकून वाईट घेतली होती. दुसरं कुठलंच कारण नव्हतं. ती बाटली नुसती कुणा दुसऱ्याची असती तर तिनं ओतून घेतलं नसतं. आणि आता अशुद्ध म्हणून सही माझी हवी होती.

पाहुण्यानं विचारलं, काय चाललंय. सर इंग्रजीत म्हणाले की ही मागची मदतनीस आहे, तिला काही समजत नाही.

माझं इंग्रजी कागदावरचं. तोंडात ते कधी नीट बसलं नव्हतं. तरी बोलले. "नो. आय अ‍ॅम केमिस्ट. आय मेक धिस." मग बाटलीचं सांगितलं. सिलेन, काच, दोन दिवस. हातवारे करून सांगितलं. त्याला समजलं. त्याची मानच सांगत होती की समजलं.

आणि तिथं मी थांबू शकत होते. थांबले असते तर गुन्हेगार एकटी मधुरा झाली असती. माझ्या जिभेवर आलं होतं थांबावं असं. पण मग माझ्यात आणि खरं झाकणाऱ्या त्या छापील चिठ्ठीत फरक काय राहिला असता? मी म्हटलं, "काल सकाळी मी बाटली बघितली होती. मला माहीत होतं. मी सांगितलं नाही."

सर ताडकन उठले. "म्हणजे मुद्दाम केलंस?"

"हो. मुद्दाम. मी हिच्यावर जळते."

मधुरानं पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ बघितलं. तिला धक्का बसला होता. तिच्यावर कुणी जळू शकतं हे तिला माहीत असेल. मी जळू शकते, हे तिच्या डोक्यात कधी आलं नसावं. जळायलासुद्धा बरोबरीचं असावं लागतं, असं तिला वाटत असणार.

पाहुणा व्यवहारी होता. त्याला माळ हवी होती. तो म्हणाला, हिच्या बाटलीनं हिलाच करू द्या.

मी केलं. त्याच खोलीत, माझ्या पिवळ्या कोटात, लाल टेपची बाटली यंत्राला लावून. सरांनी नाकाला रुमाल लावला. मी म्हटलं, "वास सोसत नसेल तर बाहेर बसा, सर." ते बसले नाहीत, पण रुमाल खिशात गेला. बुधवारी दुपारी आलेख निघाला. सरळ, उंच, एकच सुळका. पाहुण्यानं तो हातात धरून दोनदा बघितला, घड्याळ बघितलं आणि विमानतळाला निघून गेला. अहवाल मागून पाठवा म्हणाला.

इथं गोष्ट संपली असती तर मला आवडलं असतं.

दुसऱ्या दिवशी सरांनी केबिनमध्ये बोलावलं. मधुरा आधीच बसलेली. माझ्यासमोर कोरे कागद ठेवले. रिएजंट कसं बनवायचं आणि बाटली कशी तयार करायची, सगळं सविस्तर लिहून दे म्हणाले. अहवाल मधुराच्या नावानं जाणार. "तिचं इंग्रजी चांगलं आहे. तुझं नाव शेवटी आभारात घालू. आणि ते सोमवारचं, मुद्दाम केल्याचं, ते मी वर कळवत नाही. विसरून जाऊ."

मी मधुराला म्हटलं, "तू सांग सरांना. माझं नाव घाला म्हणून. तुला सगळं माहीत आहे."

ती पेनाचं टोपण काढत होती, घालत होती. "मी काय बोलणार? सरांनी ठरवलंय."

ती गप्प बसली. मी सोमवारी गप्प बसले तर त्याला गुन्हा म्हणाले. ती गुरुवारी गप्प बसली तर त्याला स्वभाव म्हणतील. मी तिच्याकडे बघत राहिले आणि मला कळलं, मला हिचे हात नको होते, मोगरा नको होता, हिच्यासारखं व्हायचं तर अजिबात नव्हतं. माझं जे होतं ते हिच्यापाशी ठेवलेलं होतं, म्हणून मी जळत होते. चोरीला गेलेल्या वस्तूकडे माणूस बघतो तशी मी तिच्याकडे वर्षभर बघत होते, आणि मला वाटत होतं दोष माझ्या नजरेत आहे.

"आभारात घालणार ना?" मी सरांना म्हटलं. "मग कृतीपण आभारातच शोधा. सापडली तर कळवा."

"नोकरीचा विचार कर," सर म्हणाले. "बाहेर रांग लागलीय."

"विचार केला, सर."

मी कोरा कागद ओढला. सगळ्यात वर माझं नाव लिहिलं. पूर्ण. बापाचं नाव, आडनाव, त्याखाली पदवी. बाकीचा कागद कोरा ठेवला आणि त्यांच्याकडे सरकवला. "खालचं जे पाहिजे ते या नावाखालीच मिळेल. नाहीतर नाही."

पंधरा दिवसांनी मला काढलं. कारण दिलं, कामात हेतुपुरस्सर हयगय. ते खोटं नव्हतं, म्हणून मी भांडले नाही. अहवालाचं काय झालं ते मला माहीत नाही. मधुरा तिकडं गेली की नाही, हेही मी विचारलं नाही. मग नावड्याजवळ दुसरी नोकरी धरली, तिसरी धरली.

लोक सांगतात, मत्सर वाईट. सांगणाऱ्याचं ताट बघा, भरलेलं असतं. मी माझा मत्सर टाकून दिलेला नाही. त्याला फक्त बोलायला लावलं. त्या सोमवारी दाराच्या मुठीवरून मी हात काढून घेतला, ते एकदाच. आता मी दार ढकलते. काय चुकलंय ते सांगते, कुणी चुकवलंय ते सांगते, मी चुकवलं असेल तर तेही. आणि काम माझं असेल तर त्यावर नाव माझं पडेपर्यंत मी त्या खोलीतून हलत नाही.